बेटावरच्या देवीची ओटी

लोकरी स्वेटरांच्या खाली, पातळ मलमलीत गुंडाळलेले एक खणाचे ब्लाउज माझ्या कपाटात आहे. रंग पिकल्या जांभळाचा, काठ हळदीचा. ते माझ्या मापाचे नाही. माझ्या सासूबाईंचे आहे. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. लीड्सच्या हवेत कपड्यांना एक गार, दमट वास धरतो, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर मी सगळे कपाट रिकामे करून एकेक वस्त्र झटकते. ते ब्लाउज मात्र झटकत नाही. नाकाशी नेते. आधी कापूर येतो, मग खोबरेल तेल, आणि त्यांच्याही मागे कुठेतरी उन्हात तापलेल्या दगडाचा कोरडा वास. तो बहुधा खरा नसावा. माझ्या आठवणीनेच तिथे ठेवलेला असावा. पण मला तो येतो, आणि त्याच्या पाठोपाठ नाईल येते.

नाईल आमच्या घरात फार आधीपासून होती. माझे सासरे साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवीत. जगातल्या सगळ्या नद्यांत त्यांची लाडकी नदी ती, कारण ती फळ्याच्या खालून वर वाहते, असे ते म्हणत. निळ्या खडूने, हात न उचलता, एका रेषेत ते ती काढत आणि शेवटी वर समुद्रापाशी पंखा उघडावा तशी पाच बोटे पसरून दाखवत. प्रत्यक्षात त्यांनी ती कधी पाहिली नाही. ते गेल्यावर व्हिसाच्या पुष्कळ खटपटी करून आम्ही आईंना लीड्सला आणले. दोन बॅगा, एक पोळपाट आणि त्या.

त्या येताना आपले कपाळ मोकळे करून आल्या. माझ्या घरात त्यांना असे राहा म्हणून कुणी सांगितले नव्हते. तरी त्यांनी राखाडी आणि फिकट रंगांच्याच साड्या काढल्या, नव्या घराच्या उंबऱ्यात मला आधी पाऊल टाकायला लावले, आणि माझ्या लेकीच्या वाढदिवसाला ओवाळायचे ताम्हण माझ्या हाती देऊन स्वतः फ्रिजपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना थांबवले नाही. त्यांचे दुःख त्यांच्या रीतीने वाहू द्यावे, अशी माझी मोठी शहाणी समजूत होती.

त्या समजुतीची परीक्षा त्यांच्या इथल्या पहिल्या संक्रांतीला झाली. इथल्या मराठी बायकांचे हळदीकुंकू कौन्सिलच्या एका हॉलमध्ये असते. करड्या कार्पेटवर प्लास्टिकच्या खुर्च्यांचे अर्धवर्तुळ, कोपऱ्यात चहाची भली मोठी किटली धुमसत असलेली, आणि बाहेर दुपारी चारलाच विझू लागलेला उजेड. त्या वर्षी थाळी माझ्या हातात होती. हळद, कुंकू, अत्तर, एकेका कपाळाशी थांबत मी पुढे सरकत होते. खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर आई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझी पावले जड झाली, इतके मला पक्के आठवते. पण ती थांबली नाहीत. मी तिळगुळाची पुडी त्यांच्या हातात ठेवली, हसले, आणि पुढच्या बाईच्या कपाळाकडे वळले. आईंनी मान वळवून खिडकीखालच्या रेडिएटरकडे पाहिले. जणू तो काहीतरी बोलत होता आणि त्यांना ते ऐकायचे होते.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "हॉल बरा होता. उबदार होता."

एवढेच. त्यानंतर आमच्यात वितुष्ट आले असे नाही. त्या भाकरी थापत, मी तव्यावर टाकत असे. पण काहीतरी आमच्या मधोमध ठेवलेले होते आणि आम्ही दोघी त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात वावरत होतो.

ऑक्टोबरच्या सुट्टीत इजिप्तला जायचे ठरले ते माझ्या नवऱ्याच्या मनातून. "बाबांची नदी आईला दाखवून आण," तो म्हणाला. हॉस्पिटलमधून त्याला स्वतःला रजा मिळाली नाही, तेव्हा आम्ही तिघीच निघालो: आई, मी, आणि तेव्हा चौदा वर्षांची असलेली माझी लेक. निघण्याच्या आदल्या दिवशी आईंच्या पलंगावर पाहिले तर एक खण, एक शेंडीचा नारळ, शेर-अर्धा शेर तांदूळ, हळकुंड, सुपारी अशी सारी ओटी मांडलेली.

"आई, तिथली देवळं आता बघण्यापुरतीच असतात. पूजा होत नाही."

"त्यांची होत नसेल. आपण का सोडायची? देवीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नसतं."

"पण कोणती देवी?"

"असेल की एखादी. एवढा जुना देश, बाईमाणसाशिवाय का चाललाय?" मग खणाची घडी पुन्हा एकदा बोटांनी दाबत, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "ओटी तूच भरायचीस हं. मी आपली मागं उभी राहीन."

नारळ त्यांनी सामानात टाकू दिला नाही. ओटीचा नारळ चपलांच्या शेजारी कसा ठेवायचा? तो हातातल्या पिशवीत राहिला आणि विमानतळावरच्या तपासणीच्या पट्ट्यावर आमची पिशवी बाजूला काढली गेली. निळे हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने तो शेंडीसकट उचलला, कानाशी नेला, हलवला. आत पाणी डुचमळले. आत द्रव पदार्थ आहे का, असे त्याने अतिशय गंभीरपणे विचारले.

"हो तर!" आई मराठीत म्हणाल्या. "पाणी नसलेला नारळ कुणी देवीला नेतं का?"

"आजी, प्लीज!" लेक माझ्या पाठीमागे लपली. "मम्मा, मी तुमच्यासोबत नाहीये. आय ॲम ट्रॅव्हलिंग अलोन."

अधिकाऱ्याने वरिष्ठ बाईंना बोलावले. त्यांनी नारळावरून कापडाची एक पट्टी फिरवली, यंत्रात घातली, यंत्राने निर्वाळा दिला. नारळ परत देताना त्या बाई हसून म्हणाल्या की आजच्या दिवसातला हा सर्वांत शहाणा प्रवासी आहे. मी भाषांतर करून सांगितल्यावर आईंनी त्यांना नमस्कार केला.

कैरोची पहिली आठवण मला धुळीच्या चवीची आहे. दातांखाली बारीक कचकच, ओठांवर मिठासारखा थर, आणि त्यातूनच येणारा भाजलेल्या रताळ्यांचा गोड धूर. पिरॅमिड दिसले ते एका वळणावर, पेट्रोल पंपाच्या मागे. इतके अचानक की माझी लेकही फोन खाली ठेवून "ओह" म्हणाली. जवळ गेल्यावर ते डोंगर राहात नाहीत, एकेक दगड होतात. मी त्यातल्या एकाला तळवा लावला. सकाळच्या सावलीतल्या त्या बाजूने तो थंड होता, गाईच्या नाकासारखा. आईंनी मात्र हात लावला नाही. सगळे कौतुकाने पाहिले, सासऱ्यांनी फळ्यावर काढलेल्या त्रिकोणांपेक्षा हे जरा बुटके वाटतात असेही म्हणाल्या, आणि हॉटेलच्या खोलीत शिरताच दारात उभ्या राहून हुकूम सोडला.

"पलंगावर कुणी बसायचं नाही. आधी आंघोळी. डोक्यावरून."

"का पण?" लेकीने विचारले.

"दिवसभर थडग्यांतनं हिंडलो की नाही आपण? मसणातनं आल्यावर आंघोळ करतात."

"आजी, ते लोक चार हजार वर्षांपूर्वी मेले!"

"म्हणून काय झालं? मेले ना?"

त्या रात्री आम्ही तिघी ओल्या केसांनी जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी ममी पाहिल्या. पुन्हा डोक्यावरून आंघोळ. तिसऱ्या दिवशी लक्झरला राजांची थडगी, आणि मग राण्यांची वेगळी. राण्यांच्या थडग्यातून बाहेर येताना लेक कळवळून म्हणाली, "मम्मा, माझा शॅम्पू संपला. आता कुणी जिवंत माणूस दाखव ना." आईंना हसू आवरेना. साताऱ्याहून आल्यापासून त्यांना इतके हसताना मी पाहिले नव्हते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि गाइडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या देशात देव कमी आणि दिवसकार्यच फार."

आस्वानला मात्र नदी आली. तिथे ती रुंद आणि स्वच्छ आहे, काळ्या गुळगुळीत खडकांच्या मधून वाहते, आणि दोन्ही काठांवरच्या हिरव्या पट्टीमागे लगेच पिवळे वाळवंट उभे राहते, काठ-पदराच्या लुगड्यासारखे. आम्ही मोटरबोटीत बसलो. आईंनी कठड्यावरून हात सोडून बोटे पाण्यात बुडवली. बराच वेळ त्यांनी ती काढली नाहीत.

"निळी नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. "हिरवी आहे. ह्यांना सांगायला हवं होतं. हिरवा खडू होता त्यांच्याकडं."

बेटावरच्या त्या देवळाला फिले म्हणतात. आमचा आस्वानचा गाइड पिकल्या मिश्यांचा, संथ बोलणारा गृहस्थ होता. पायरीला बोट लागताच आईंनी चपला काढल्या. दगड तव्यासारखा तापलेला. गाइड घाबरून हातवारे करू लागला, पण त्या टाचा उचलत, चवड्यांवर भरभर चालत खांबांच्या सावलीत जाऊन पोचल्या. मग मीही चपला काढल्या. लेकीने आमच्याकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि बूट हातात घेतले.

सावलीत गाइडने पहिली गोष्ट सांगितली. नदीवर धरणे झाली तसे हे देऊळ पाण्यात बुडू लागले होते. तेव्हा ते कापून, तुकडे तुकडे करून, या उंच बेटावर आणले आणि जसेच्या तसे पुन्हा उभे केले. लेक मराठीत सांगत होती आणि आई एका भिंतीवर बोटाने काही शोधत होत्या. त्यांना दोन दगडांमधली केसाएवढी फट सापडली.

"सगळे तुकडे जुळले का, विचार त्याला."

सगळे जुळले, गाइड म्हणाला. पण नीट पाहिले तर सांधे दिसतात.

"दिसणारच," आई म्हणाल्या. "मलाही दोन बॅगांत घालूनच आणलं की."

त्या हे सहज म्हणाल्या. मला मात्र पिशवीतला नारळ एकाएकी जड झाला.

दालनामागून दालन ओलांडत आम्ही आत गेलो. प्रत्येक दारानंतर छत थोडे खाली येई, उजेड थोडा कमी होई, वटवाघळांचा आंबूस वास वाढे. सर्वांत आत गाभारा. एक अरुंद, काळोखी खोली. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत उतरलेली, तिच्यात धूळ तरंगत असलेली. मधोमध दगडी चौथरा. मूर्ती नव्हतीच. भिंतीवर मात्र देवी कोरलेली होती, सडपातळ, उभी, डोक्यावर शिंगांत धरलेले सूर्यबिंब. तिचे नाव गाइडने दोनदा सांगितले. ते आईंच्या जिभेवर बसेना. आई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पिशवीतून खण काढला, नारळ काढला. काय म्हणावे ते मला सुचत नव्हते, आणि त्या काय ते सांगतील म्हणून मी वळून पाहिले. त्या गाइडकडे पाहत होत्या.

"हिची गोष्ट काय, विचार गं त्याला," त्या नातीला म्हणाल्या.

गाइडने सांगितले. या देवीच्या नवऱ्याला त्याच्याच भावाने मारले, शरीराचे तुकडे केले आणि साऱ्या देशभर फेकून दिले. ही लव्हाळ्यांच्या होडीतून नदीभर हिंडली. एकेक तुकडा शोधला, जुळवला, कापडात बांधला, आणि तो जागा होईपर्यंत त्याच्यावर पंखांनी वारा घातला. लेकीचे मराठी अशा प्रसंगांना पुरत नसे; तिने तुकडे हा शब्द फार वेळा वापरला. आई मध्येच म्हणाल्या, "मग तो परत घरी आला का? नांदायला?"

"आजी विचारते, की तो नीट घरी आला का, फॉर गुड."

गाइडने मान हलवली. नाही. तो मेलेल्यांच्या जगाचा राजा झाला. तो तिकडे, ही इकडे. मुलाला हिने एकटीने वाढवले. आणि लोक दुरून दुरून हिच्याकडेच येत राहिले, कारण दुःख म्हणजे काय ते हिला ठाऊक होते.

आई भिंतीपासून सुटून पुढे आल्या. उन्हाची पट्टी त्यांच्या पांढऱ्या केसांवरून खाली घसरली. कोरीव देवीसमोर त्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या की मला वाटले, आता हात लावतील. नंतरच्या काळात आलेल्या दुसऱ्या धर्माच्या माणसांनी इथल्या पुष्कळ मूर्तींचे चेहरे छिन्नीने खरवडले आहेत. हिचाही चेहरा तसाच होता. हात शाबूत, पंख शाबूत, कपाळावर नुसते टोचे.

"हिचंही पुसलंय," आई म्हणाल्या.

मग माझ्याकडे न वळता त्यांनी हात मागे केला. "आण ते इकडं. तू नको भरूस. हिची ओटी मी भरते."

मी खण त्यांच्या हातावर ठेवला. दारातून निळ्या झग्यातला रखवालदार लगबगीने आला. "नो, मॅडम, नो!" चौथऱ्यावर काही ठेवता येत नाही, हे त्याच्या तळहातांनी अगदी स्पष्ट सांगितले.

"अहो भाऊ, ठेवत नाही मी काही," आई म्हणाल्या, शुद्ध सातारी मराठीत. "हातही लावत नाही. दोन मिनिटं धीर धरा."

गाइड त्याच्याशी अरबीत बोलला. रखवालदाराने आईंच्या उघड्या पायांकडे पाहिले, मग नारळाकडे. त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. गाइडने सांगितले की त्यांच्या भाषेत या फळाला हिंदुस्थानचे नाव आहे.  रखवालदार वळला आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभा राहिला, बाहेरच्या गर्दीच्या आणि आमच्या मधोमध.

आईंच्या अंगात प्रवासापुरती पँट आणि कुडता. पदर कुठून असणार? त्यांनी गळ्यातला सुती स्कार्फ काढून नातीच्या दोन्ही हातांवर पसरला. त्यावर खण, खणावर नारळ. मी तांदळाची पुरचुंडी धरली. त्या ओंजळ भरत, भिंतीतल्या देवीच्या कमरेशी अलगद नेत, आणि कण न सांडता पुन्हा स्कार्फमध्ये सोडत. पाच वेळा. तांदूळ तांदळांवर पडल्याचा तो आवाज इतका बारीक होता की तो ऐकण्यासाठी आम्ही तिघींनी श्वास धरला होता. त्या काय पुटपुटल्या ते मला कळले नाही. पुटपुटून झाल्यावर त्यांनी सगळे गुंडाळले आणि सवयीने माझ्यासमोर धरले.

"घे. प्रसाद तुझ्या पदरात."

"नाही आई," मी म्हणाले. माझा आवाज त्या दगडांत फार मोठा वाटला. "ओटी तुम्ही भरलीत. खण देवीनं तुम्हाला दिलाय."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. जानेवारीतली ती थाळी आम्हा दोघींनाही दिसत होती, याविषयी मला शंका नाही. मला क्षमा मागायची होती; शब्द तयार होते, चांगले घडवलेले शब्द. मी त्यातला एकही बोलले नाही. त्यांनी खणाची घडी छातीशी धरली आणि म्हणाल्या, "चल. पाय अजून भाजतायत."

नारळ धक्क्यावर फोडला. नावाड्याने तो लोखंडी खुंट्यावर एकाच फटक्यात दुभंगवला, आणि पाणी आईंनी ओंजळीत घेऊन आधी नदीत सोडले. खोबरे सर्वांना वाटले: नावाडी, गाइड, आणि आमच्या मागोमाग धक्क्यापर्यंत आलेला रखवालदार. त्याने आपला तुकडा कपाळाला लावून मग तोंडात टाकला. लेकीने विचारले, "आजी, आज तरी आंघोळ नाही ना?"

"आज नाही," आई म्हणाल्या. "आज देवळातनं आलो."

लीड्सला परतल्यावर तो खण त्यांच्या बॅगेत गेला. मी विचारले नाही. डिसेंबरच्या एका दुपारी, दिवे तीन वाजताच लावलेले असताना, वरच्या खोलीतून माझ्या शिवणयंत्राचा आवाज आला. थांबत, पुन्हा धावत. मी जिन्यात उभी राहून तो ऐकला आणि चहा टाकायला खाली आले.

त्या संक्रांतीला थाळी मी मागून घेतली. हॉल तोच, किटलीची वाफ तीच. आई खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर, गळ्यापर्यंत बटणे लावलेल्या काळ्या कार्डिगनमध्ये. एकेक कपाळ मागे टाकत मी त्यांच्यासमोर आले आणि थांबले. शेजारच्या बायकांची कुजबुज मावळली. मी बोट हळदीत बुडवले. इथल्या ओलाव्याने तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. बोट वर उचलण्याचे धैर्य मात्र होईना. त्या नको म्हणतील, या सगळ्यांसमोर मान वळवून पुन्हा त्या रेडिएटरकडे पाहतील, एवढेच मनात होते.

आईंनी कार्डिगनची वरची दोन बटणे सोडली. आत पिकले जांभूळ, हळदीचा काठ.

"केवढा वेळ लावतेस गं," त्या म्हणाल्या. "एवढ्यात मी इजिप्तला जाऊन आले." आणि कपाळ पुढे केले.

मी घाईने बोट टेकवले. थोडी हळद त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर पडली, थोडी ब्लाउजच्या काठावर, जिथे ती अजूनही आहे.

"नीट लाव," आई डोळे मिटूनच म्हणाल्या. "खाली सांडू नकोस. कार्पेट कौन्सिलचं आहे."